तुळशीच्या लग्नावर पाच दिवस

“काढ थो हात! मानूस हाये थो, बैल नाही!” काकू दारातूनच ओरडली.

पण गणूजीचा हात काकाच्या पाठीवरून हलला नाही. गणूजी म्हणजे कारंज्याच्या बाजारातला बैलांचा दलाल. नुसता हात फिरवून हा बैलाचं वय, उरलेले हंगाम आणि मालकाच्या घरातलं भांडण सांगायचा... भांडणाचं मी पदरचं घालतोय. आसेगावात आमची जोडी पाहायला आला होता. काकानंच त्याला खाटेजवळ बोलावलं.

“पाहू दे वं,” काका पालथाच बोलला. “दात पाह्यचे त दात बी दाखवतो.”

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या शिवारात भूत सापडलं असतं तर मी त्याला कापूस वेचायला लावलं असतं. पण महायुद्धाच्या काळातली ही गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली.

काकाला प्रोस्टेटचा कॅन्सर — मणक्यात उतरलेला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून सांगितलं होतं, पाय गेले की दोन महिने धरा. पाय आषाढात गेले. म्हणजे दसराही दिसायचा नव्हता. आणि एकुलत्या एका लेकीचं, सुमीचं, लग्न धरलेलं तुळशीच्या लग्नानंतर चौथ्या दिवशी! घरात मयत झाली तर लग्न वर्षभर पुढे जाणार, आणि धनजचे व्याही तेवढं थांबायला तयार नव्हते. भाऊबंद म्हणत होते, चातुर्मास असला तरी आत्ताच उरका.

गणूजी काकाच्या मानेपर्यंत वाकला, मणका चाचपत खाली आला आणि उठला.

“तुळशीच्या लग्नावर पाच दिवस.”

काकूनं त्याला आणखी चार शिव्या दिल्या... आणि तारीख तीच ठेवली.

दसरा गेला, दिवाळी गेली. काका इतका वाळला की वर कोणी आहे हे खाटेलाही कळत नसावं. डॉक्टरांनी येऊन आधी त्याची नाडी पाहिली, मग स्वतःची. तुळशीचं लग्न लागलं, आणि चौथ्या दिवशी खाट मांडवात नेली. काकानं अक्षता टाकल्या. पाचव्या दिवशी सकाळी सुमीला सासरी नेणारी बैलांची दमणी शिवाराबाहेर पडली, काकानं पाणी मागितलं, आणि गेला.

पुढे मी किती डॉक्टरांना विचारलं, काका एवढा टिकला कसा? कोणालाच सांगता आलं नाही. तेराव्याला गणूजी जेवायला आला, तेव्हा त्यालाही विचारलं होतं, पाठीत एवढं कळलं कसं?

“मले मानसाच्या पाठीतलं काय समजते?” तो म्हणाला. “तुह्या काकानंच कानात सांगतलं, एवढे दिवस म्हनजो.”