आईच्या पायांची जाण
वर्गात शिकवताना नादकाटा, ठोकला की थरथरणारा तो दोन बाहूंचा काटा, हातात घेतला की मला आईचे पाय आठवतात. गोवा नुकतंच राज्य झालं होतं आणि आई कर्करोगावरच्या औषधाची सलाइनं घेऊन आमोणे गावातल्या घरी परतली होती. एका दुपारी ती अंगणातून आत आली, तेव्हा सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे ठसे उमटले. टाचेत फुटकं शिंपलं रुतलं होतं आणि तिला पत्ताच नव्हता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नादकाटा वाजवून तिच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "कांय कळटा?" आई म्हणाली, "कांयच ना, दोतोर." काटा घोट्यावर गेला, मग गुडघ्यावर, तेव्हा ती दचकली आणि तिनं तिथे बोट ठेवलं. "हांगा गुणगुणता." औषधानं नसा कुठवर बधिर झाल्यात, ते त्या साध्या काट्यानं डॉक्टरांना दाखवलं. मी थक्क होऊन पाहत राहिले. त्यांनी औषधाची मात्रा कमी केली, अनवाणी चालायला बंदी केली. उपचार संपल्यावर पुष्कळ महिन्यांनी मांडवी नदीच्या काठावर आईनं चपला काढून पाय पाण्यात सोडले आणि बोटं हलवून पाहिली. मग हळूच म्हणाली, "उदक थंड आसा गो." इतकी वर्षं विज्ञान शिकवतेय, पण पाण्याचा गारवा कळणं ही गोष्ट मला अजूनही साधी वाटत नाही.