एका घराचे तीन नंबर

खाडीकाठच्या मुर्धा गावातल्या आमच्या घरातला एकुलता एक फोन काढून मी तीन नंबर घेतले, ती माझी चूक. चांगल्या मनाने केली, पण केली. गावात राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर गेलेले, दोघांसाठीही हे लिहितोय.

ऑकलंडला निघालो त्या दिवशी टॅक्सी अंगणात उभी होती. बाबा एका दारात, धाकटे काका दुसऱ्या दारात. घर एक, चुली दोन. अंगण बिल्डरला द्यायचं की नाही यावरून दोघा भावांचं बिनसलं होतं आणि त्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. बाबा म्हणाले, "पोचलास का फोन कर." मी काकांच्या पाया पडलो, तर ते हळूच म्हणाले, "फोन कर. मी उचलीन नि दादाला हाक मारीन."

फोन मधल्या खोलीत होता, दोघांच्या सामाईक जागेत. काकांचं दार जवळ, म्हणून बहुतेक वेळा तेच उचलायचे. मग मला ऐकू यायचं, "दादा, फोन हाय." थोड्या वेळाने बाबांचा आवाज, "कुनाचा?" "पोराचा." बोलणं संपलं की रिसीव्हर ठेवता ठेवता बाबा मोठ्याने म्हणायचे, "बरा हाय म्हनं." ते कुणाला सांगतायत, याचा मी कधी विचारच केला नाही. मला दिसत होती फक्त अडचण. काका तिथेच घुटमळायचे, त्यामुळे आई आपल्या गुडघ्याबद्दलही मोकळं बोलायची नाही.

पहिल्या मोठ्या सुट्टीत आलो तेव्हा मी ब्रॉडबँड घेतलं आणि त्यावर इंटरनेटचा फोन. जुना नंबर मधल्या खोलीतून बाबांच्या खोलीत, नवा काकांकडे, तिसरा माझ्या मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये, म्हणजे घरून मला लावलेला कॉलही लोकल. राऊटर बसवायला आलेला माणूस हसला. "एक ही घर में तीन नंबर? पार्टिशन हो गया क्या, सर?" मीही हसलो. दोन्ही खोल्यांमध्ये त्याने इंटरकॉम चालू करून दिला. वाटलं, कधीतरी दोघांपैकी एक जण बटण दाबेल. कुणीच दाबलं नाही.

माझी मात्र सोय झाली. ऑकलंडला कोल्ड स्टोरेजमधल्या कामाच्या ब्रेकमध्ये जॅकेट न काढताच आईशी बोलायचो. गुडघा, औषधं, काकीची कुरकुर, सगळं. एकदा ती म्हणाली, "आता घरान कोन कोनाला हाक मारीत न्हाय रे." मी म्हणालो, "बरंय ना, शांतता मिळाली." 

बाबा गेले. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. दहाव्याची जेवणं झाल्यावर काकी माझ्याजवळ येऊन बसली. तिने सांगितलं, भिंतीपलीकडे बाबांचा फोन वाजला की काका हातातलं काम टाकून उठायचे. मधल्या खोलीपर्यंत जायचे, बाबांचं "हॅलो" कानावर पडलं की परत यायचे. मग तिलाच विचारायचे, "पोराचा आसंल का?"

माझ्या मोबाइलमध्ये पूर्वी 'घर' नावाचा एक नंबर होता. आता 'बाबा' आहे, 'काका' आहे. इथे ऑकलंडला कुणी विचारलं तर मुर्ध्याचा पत्ता मी अजून सांगतो. पण घरी फोन लावावासा वाटला तर कोणता लावायचा, ते मला कळत नाही.

परत निघायच्या आदल्या दिवशी काका ओट्यावर जाळं सांधत बसले होते. मी शेजारी बसलो आणि सगळं बोललो. तुम्हा दोघांना बोलायला तेवढंच एक निमित्त होतं, ते मी काढून घेतलं, असं म्हणालो. काकांचा हात थांबला.

"तुजा काय त्यान? आमाला दोगांना तोंडा न्हवती?" एवढंच म्हणाले आणि पुन्हा जाळं सांधू लागले.

मला तिथेच थांबता आलं असतं. माझा भार त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतला होता. पण तो सगळा त्यांचा नव्हता. मी त्यांचे पाय धरले आणि म्हणालो, "काका, माजा चुकला. मना माफ कर."