चांदवडकरबाईंच्या खळीतलं मीठ

मेलेल्या माणसाची इतकी बडदास्त स्नेहलता चांदवडकरनं जन्मात पाहिली नव्हती. हा कोणी साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा इजिप्तमधला अधिकारी. त्याच्या थडग्याच्या भिंतीचा पाटाएवढा रंगीत तुकडा शंभर वर्षांपूर्वी कुण्या जपानी शौकिनानं विकत आणला, मागून सिमेंट थापलं आणि दिवाणखान्यात टांगला. आता तो एका म्युझियमचा झाला होता आणि तोक्योतल्या एका प्रयोगशाळेत मऊ गादीवर पहुडला होता. त्याला ऊन चालत नाही, दमट हवा चालत नाही, जवळ जाऊन शिंकलेलं चालत नाही आणि मीठ तर अजिबात नाही. स्नेहलतानं पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव ‘मामंजी’ ठेवलं. तिच्या पुण्यातल्या सासऱ्यांचं पथ्य हेच होतं, आणि नाकही असंच वर.

खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. चेहऱ्याशेजारी ते लिहिलेलं होतं म्हणे, पण नेमका तेवढाच कोपरा फुटून गेला होता. नाव राहावं म्हणून बिचाऱ्यानं अख्खा डोंगर कोरून घेतला, आणि राहिलं काय, तर नाक आणि समोरचा द्राक्षांचा घड!

नावाचं हे दुखणं स्नेहलताला बरोबर कळायचं. चौदा वर्षांपूर्वी ती तोक्योतल्या निशी-कसाईला आली ती नवऱ्याच्या व्हिसावर. नंदकिशोर रोज कावासाकीला जाऊन कुठल्याशा बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचा आणि ही त्याची ‘ओकुसान’, म्हणजे बायको. पुढे जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात तिनं अकरा वर्षं भातावर झाकणं लावली. तिथं ती ‘सहा नंबर’ होती. मग वॉर्ड ऑफिसातल्या जपानी वर्गाच्या बाईंनी तिला या प्रयोगशाळेत चिकटवून दिलं. इथं तरी कुणी नावानं ओळखेल, असं तिला वाटलं होतं. कुठलं काय! प्रयोगशाळेत एक जाडजूड नोंदवही होती. मामंजींना कुणी, कधी, काय लावलं ते सगळं तीत लिहायचं. बाकी सगळ्यांची नावं, आणि स्नेहलताच्या नावाच्या जागी ‘आरुबाइतो’, म्हणजे अर्धवेळ कामवाली.

एकदा तिनं धीर करून विचारलंच. प्रयोगशाळेच्या प्रमुख हिरानो-सान साठीच्या, काडीसारख्या, वर्षातून दोनदा हसणाऱ्या. त्यांनी शांतपणे रकाना दाखवला. म्हणाल्या, “तुमचं नाव यात मावत नाही.”

घ्या! साडेतीन हजार वर्षांचं धेंड इथं मावतं आणि चांदवडकर मावत नाही! त्या दिवशी तिनं ठरवलं, या वहीत नाव उमटवल्याशिवाय जायचं नाही.

संधी आली ती कुरडयांमुळे. मामंजींच्या पाठीचं सिमेंट काढायचं होतं. पण तुकडा पालथा घातला की चेहऱ्याचा रंग गळणार. म्हणून आधी चेहऱ्यावर पातळ जपानी कागद चिकटवायचा, तोही गव्हाच्या खळीनं, कारण ती पुढे ओल्या बोळ्यानं अलगद निघते. विकतच्या पिठाची खळ बघून स्नेहलतानं नाक मुरडलं. “हे आमच्याकडे दर उन्हाळ्यात करतात,” ती म्हणाली. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून तिनं चीक काढला. वासानं शेजारच्या आजींनी दोनदा बेल वाजवली, पण खळ अशी गुळगुळीत झाली, की हिरानो-साननी ती साध्या गिलाव्यावर महिनाभर लावून पाहिली आणि पसंत केली.

त्या सगळ्या चाचण्या प्रयोगशाळेतल्या शेगडीवर, हिरानो-सानच्या समोर झाल्या. मुख्य दिवशी मात्र चांदवडकरबाईंना शहाणपण सुचलं. दुपारी दोन वाजता म्युझियमची माणसं बघायला येणार, तर घरूनच ताजी खळ शिजवून न्यावी! सकाळी घोटली, बरणीत भरली, पातेल्यातली खरवड सुट्टीवर असलेल्या लेकीसाठी, चैत्रालीसाठी, झाकून ठेवली आणि तोझाई लाइनची गाडी पकडली. खळ बघून हिरानो-सान म्हणाल्या, “आज वहीत तुमचं नाव लिहीन. दोन रकाने घेऊ.” स्नेहलता तर हवेतच होती.

दोनला दहा कमी असताना फोन थरथरला. चैत्रालीचा मेसेज: “आई, चीक एकदम ओइशी, मस्त! मीठ पण परफेक्ट!”

स्नेहलतानं मेसेज पुन्हा वाचला. मीठ? मग आठवलं. पाण्याला आधण आलं, आणि उजव्या हातानं आपलं आपण, उजवीकडच्या डब्यातलं मीठ टाकलं. मेला हात! तीस वर्षांची सवय, तो कशाला विचारतोय.

गेला महिनाभर ती रोज ओल्या कागदाचा लगदा लावून मामंजींच्या अंगातलं मीठ ओढून काढत होती. भिंतीत मीठ राहिलं की ते ओल धरतं, सुकताना खडे होऊन फुगतं आणि रंगाचा पोपडा उडवतं. आपण त्याला लोणा लागला म्हणतो. आणि आज तिनंच चमचाभर मीठ घालून आणलं होतं!

पण कळणार कुणाला? लोणा दिसायला पाच-सात वर्षं जातील. तोवर ती पुण्यात, आपल्या बाल्कनीत. आणि सांगितलं तर नाव गेलं, नोकरीही गेली. परत झाकणं! तिला रडूच फुटायचं बाकी होतं. मामंजी आपला एक डोळा वटारून वर बघत होते. असा डोळा तर सासऱ्यांनीही कधी वटारला नव्हता.

म्युझियमची तीन माणसं आली, सगळे वाकले. हिरानो-साननी ब्रश खळीत बुडवला. तो चेहऱ्यापासून वीतभर असताना स्नेहलता जवळजवळ किंचाळली, “थांबा! त्यात मीठ आहे. मी घातलं.”

हिरानो-साननी ब्रश बाजूला ठेवला, बरणीत बोट बुडवलं आणि चाटलं.

“आहे,” त्या म्हणाल्या. मग पाहुण्यांना कंबरेत वाकून म्हणाल्या, “माफ करा. काम उद्या होईल.”

पाहुणे गेले. स्नेहलतानं न सांगताच आतल्या सपाता काढल्या, पिशवी उचलली. तेवढ्यात हिरानो-साननी वही उघडली आणि एकेक अक्षर जपून लिहायला सुरुवात केली. अक्षरं पहिला रकाना ओलांडून दुसऱ्यात गेली, तिसऱ्याच्याही पोटात शिरली.

‘स्नेहलता चांदवडकर. खळीत मीठ घातलं. स्वतः सांगितलं.’

“हिरानो-सान,” ती कशीबशी म्हणाली, “तेवढं मिठाचं नाही का वगळता येणार?”

“नाही. ही वही तुकड्याबरोबर राहते. कायमची.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “उद्या नऊ वाजता. इथल्या शेगडीवर, माझ्यासमोर. उशीर नको, चांदवडकर-सान.”

चौदा वर्षांत या देशात तिला कुणी पहिल्यांदा पूर्ण आडनावानं हाक मारली होती. पिशवी टेबलावर ठेवून ती मामंजींवर वाकली. “तुमचं गेलं ते गेलंच हो,” ती मराठीत म्हणाली, “माझं मात्र राहिलं बघा.” आणि तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले.

“मागे व्हा!” हिरानो-सान ओरडल्या. “त्यातही मीठ असतं!”