कोळशावर चालणारं घर

"निघालो म्हंजे पोचलोच समजा, वैनी!" असं मला म्हणून आमचा शेजारी डायवर लॉरीच्या बॉनेटवर तीनदा टकटक करायचा आणि कान लावून ऐकायचा. आतून होकार आल्यासारखी मान हलवायचा आणि मगच हँडल मारायचा. तुमच्याही शेजारी असा एखादा राहून गेला असेल, निघण्याआधीच पोचलेला.

जिंतूरला आमच्या घरासमोर लिंबाखाली त्याची लॉरी उभी असे. लढाईचे दिवस होते, पेट्रोल मिळेना. म्हणून त्याने लॉरीच्या मागे उंच लोखंडी पिंप बसवून घेतलं होतं. त्यात कोळसा पेटवायचा, हाताने फिरवायच्या पंख्याने वारा घालायचा आणि त्या वायूवर इंजिन चालवायचं. चाललं तर चाललं. एरवी बैल जुंपून लॉरी घरी आणावी लागे. मग चहाच्या दुकानातून आवाज यायचा, "काय डायवर, बैलांचं लायसन काढलं का?" तो हसून सलाम करायचा.

त्याची बायको मात्र वर्षभर बोरीला माहेरीच होती. सासूला तो मामी म्हणे, म्हणून आम्हीही मामीच म्हणायचो. मामी लेकीला पाठवायला तयार नव्हत्या. "आज जालना, उद्या परभणी. ज्याला छप्पर न्हाई, त्याच्याकडं लेकीनं नांदायचं कुठं?"

यावर त्याने घर बांधलं, तेही लॉरीतच. दोन खाटा, फळीवर चूल, लोखंडी कड्यात बसवलेला माठ, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. ते घर त्याने बोरीला नेऊन मामींच्या दारात उभं केलं. मामी आत चढल्या, माठ हलवून पाहिला आणि शर्त घातली.

"घर हाय म्हणतोस ना? मग यातच राहून मला देवगिरीचा किल्ला दाखवून आण. कुणाच्या ओसरीवर पाठ टेकणार न्हाई मी. अन् वाटंत एकदा जरी बैल जुंपला, तर लेक माझ्याच घरी. सोबत तुझी ती वैनी घे. ती समदं लिहून ठेवती, तिच्यापुढं तुझी बनवाबनवी चालायची न्हाई."

मी यादी केली. पीठ, मीठ, दोरखंड, कंदील, पोटाचं औषध, कोळसा चार पोती. वाटेत कोळसा भरला तेव्हा मी पोती मोजली आणि खूण केली. पोत्यांच्या आत पाहिलं नाही. ती चूक माझी.

दोन दिवस आम्ही त्या घरात राहिलो, रांधलं, जेवलो. पहिल्या मुक्कामी मामी खाटेवर बसूनच राहिल्या. "खाली चाकं हायती. झोपले अन् घर निघून गेलं तर?" दुसऱ्या दिवशी मात्र चालत्या गाडीत घोरल्या.

औरंगाबादेत मकबऱ्याची बाग पाहिली. लांबच लांब हौद आणि कारंजी पाहून मामी माळ्याला म्हणाल्या, "एवढं पाणी हाय, अन् मेथीचा एक वाफा न्हाई?"

मग किल्ला. खंदक ओलांडून अंधारीच्या, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयाराच्या तोंडाशी आलो. पुढे मशालवाला निघाला.

"मामी, माझा सदरा धरा."

"धरते. पण त्याचा भलता अर्थ काढू नको."

चढताना त्या दर वळणावर बसल्या आणि दर वळणावरून उठल्या. वर बारादरीच्या महालात वारा लागला तशा कठड्याला धरून बराच वेळ खाली बघत राहिल्या. "राजाच्या घरी इथवर पाणी कोण भरत असंल?"  मग हळूच म्हणाल्या, "माझ्या जन्मात हे बघीन असं वाटलं न्हवतं." तो उगाच चपलेतला खडा काढत बसला.

खाली आलो आणि लॉरी चालू होईना. पिंपातून नुसता पिवळा धूर. अर्धा तास पंखा फिरवून त्याच्या हाताला फोड आले. एक गाडीवान जवळ येऊन म्हणाला, "जुंपू का बैल? पुढल्या चढापुरते."

तो लॉरीच्या पायरीवर बसला, मान खाली घालून. मी यादी काढून पुन्हा वाचली. कोळसा चार पोती, खूण बरोबर होती.

मामी खाली उतरल्या. "पोतं ओत."

त्यांनी दोन तुकडे उचलून एकमेकांवर आपटले. "हा बघ, खणखण वाजायलाय. हा कोळसा. अन् हे ठक्क करायलंय, हे लाकूड, वरून काळं झालेलं. तुला गंडवलं, बापा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, बघायलाव काय? बसा, वाजवा!"

किल्ल्याच्या तटाखाली आम्ही तिघं कोळसे वाजवत बसलो. पाचदहा माणसं जमली, त्यांतली दोन आमच्यात बसली. थोड्या वेळाने गाडीवानही बैल सोडून आला. पिंप रिकामं करून निवडलेला कोळसा भरला. पंखा मामींनी फिरवला, पदर खोचून. पिंपाच्या नळीच्या तोंडाशी वायूने निळी ज्योत धरली आणि हँडल मारताच लॉरी अशी गरजली की तटावरची कबुतरं उडाली.

"मामी," मी म्हटलं, "शर्त तर तुमचीच होती ना?"

"शर्त बैलाची होती. सासूनं पंखा फिरवू नये, असं कुठं ठरलं होतं?"

बोरीत आम्ही वेशीपासून हॉर्न वाजवत शिरलो. तिघांची तोंडं काळी, मामी पुढच्या सीटवर. सारं गाव गोळा झालं. लेक दारात येऊन उभी राहिली.

"बघतीस काय?" मामी वरूनच ओरडल्या. "गाठोडं घे. घर दारात आलंय."

पुढच्या हंगामात ती दोघं गंगाखेडकडे गेली, ती तिकडचीच झाली. आमच्या लिंबाखालची जागा मोकळी पडली. मी तिथे गाय बांधली, पण मन रमेना. दोन वर्षांनी तिकडून आलेल्या एका बाईने सांगितलं, गोदावरीच्या काठी ती लॉरी पाहिली. तारेवर लुगडी वाळत होती, आणि सावलीत खाटेवर बसलेली एक म्हातारी येणाऱ्याजाणाऱ्याला देवगिरीच्या पायऱ्या सांगत होती.

"खाट कुठली होती?" मी विचारलं.

"कुठली म्हंजे? गाडीतलीच. तिथंच राहते की ती."