जावयाच्या वाणातली बारीक रेघ

धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं, यात वाद नाही. वाद सुरू होतो तो जावई अमेरिकन असला आणि "काय हवं?" या प्रश्नाचं खरं उत्तर देणारा असला की. आपल्याकडचा जावई "अहो, कशाला, काही नको" म्हणतो, आपण चांदीची वाटी देतो आणि दोन्ही बाजू सुटतात. आमच्या जावयाने मुलीकरवी कळवलं, की त्याला बंदुकीवर बसवायची दुर्बीण हवी आहे. ते राहतात तिकडच्या एका डोंगराळ राज्यात, आणि हिवाळ्याच्या तोंडावर तो एल्कच्या शिकारीला जातो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, जवळजवळ घोड्याएवढा. सरकारी परवान्यावर एकच मारायचा आणि त्याचं मांस वर्षभर पुरवून खायचं, अशी तिकडची पद्धत.

आमच्या घरात केकसुद्धा अंड्याचा नाही ना, हे विचारून आणतात. मुलीने दुर्बिणीचं सांगितलं तेव्हा बायको अनारशांचं पीठ मळत होती. तिने हात थांबवला नाही. "मागितलंय ना त्याने? मग द्या. अनारसे मी करते, वाणाचा दिवा कसबा पेठेतून आणते. ते तुमचं तुम्ही बघा." म्हणजे अनारशांचं पुण्य तिच्याकडे आणि बंदुकीचं खातं माझ्याकडे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर अशी वाटणी कुणी समजावून सांगावी लागत नाही.

मला जावयाची लाज वाटत होती. माणूस म्हणून तो उत्तम आहे. मुलगी आजारी होती तेव्हा त्याने रात्रंदिवस तिची सेवा केली, आमच्याकडे आला की ताटातलं टाकत नाही, मला "बाबा" म्हणतो आणि त्यातला "ब" फार प्रेमाने उच्चारतो. पण विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत, नातेवाइकांत, "जावई शिकार करतो" हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडत नसे. वाण काय दिलंत, असं चुलतभावाने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "दुर्बीण." तो म्हणाला, "अरे वा, पक्षी बघतो का?" मी म्हणालो, "निसर्गाची आवड आहे त्याला." एवढं बोलून मी विषय पावसावर नेला.

दुर्बीण तिथल्याच दुकानातून घ्यायची, पण निवड सासऱ्यांची, असं त्याच्याच मनात होतं. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, की वाण देणाऱ्याने स्वतः निवडून द्यावं. शिवाय माझा धंदाच रेघांचा. भोसरीच्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो, कॉम्प्युटर आला तोपर्यंत हाताने ड्रॉइंग काढली. त्याचं म्हणणं, दुर्बिणीला डोळा लावला की आडवी-उभी फुली दिसते, नेम त्या फुलीवर धरायचा. काहींत फुलीची रेघ बारीक असते, काहींत जाड. "बाबा, रेघेतलं तुमच्याइतकं मला कळत नाही. तुम्ही सांगा."

त्याने दोन फोटो पाठवले. मित्रांच्या दुर्बिणींतून, संध्याकाळी, जंगलाच्या कडेला काढलेले. पहिल्यात जाड रेघ होती. झाडांच्या काळोखातही ती ठसठशीत दिसत होती, मात्र लांबच्या वस्तूचा थोडा भाग झाकत होती. दुसऱ्यात बारीक रेघ होती. वर आकाशावर ती सुंदर दिसत होती, अगदी तीक्ष्ण पेन्सिलीने ओढल्यासारखी, आणि खाली झाडांवर आली की नाहीशी होत होती. त्याने लिहिलं होतं, की एल्क बाहेर येतो तो उजेड जाता जाता, आणि त्याचं अंग गडद तपकिरी असतं.

मला लगेच कळलं. आमच्याकडे ड्रॉइंगच्या नकला म्हणून अमोनिया प्रिंट काढायचे, तेव्हा बारीक ओढलेली रेघ प्रिंटमध्ये उडून जायची आणि साहेब ते ड्रॉइंग माझ्या टेबलावर आपटायचे. म्हणूनच वस्तूची कड जाड आणि मापाची रेघ बारीक, हे माझ्या हातात मुरलेलं होतं. संधिप्रकाशात मोठ्या जनावरासाठी जाड रेघ. शाळकरी पोरानेही हेच उत्तर दिलं असतं.

मी बारीक सांगितली.

का, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. रेघ दिसली नाही तर तो गोळी झाडणार नाही, असा माझा हिशेब. जनावर वाचेल, जावयाची हौस फिटेल, वाणही दिलं जाईल आणि माझ्या माथी काही येणार नाही. मी वर शहाणपणाने लिहिलं, "बारीक घे. जाड रेघ म्हणजे ढिला हात. अचूकपणा बारीक रेघेत असतो." त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्या दिवशी मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की मी बायकोला न विचारता दुसरा अनारसा घेतला.

दिवाळीच्या आसपास एका सकाळी व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ होती. मुलगी आणि जावई शेजारी शेजारी बसले होते. त्याची दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मला वाटलं, त्यांच्याकडे कुणी गेलं की काय. तो सांगू लागला. उजेड अगदी संपत आला होता. एल्क झाडांतून बाहेर आला. फुलीचा मध्य त्याला एल्कच्या गडद अंगावर दिसेना, पण जनावर समोर होतं, वर्षभर वाट पाहिली होती, आणि रेघांची कडेची टोकं उजेडावर दिसत होती. त्यावरून अंदाजाने त्याने गोळी झाडली. ती पोटात लागली. एल्क जंगलात पळाला. अंधारात माग लागेना. दुसऱ्या दिवशी दुपारी तो ओढ्याकाठी सापडला, बसलेला, जिवंत. जावई म्हणाला, "तो माझ्याकडे बघत होता, बाबा. उठायचा प्रयत्न करत होता." मग त्याने चेहरा ओंजळीत लपवला.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "मला माफ करा. तुम्ही इतक्या मनापासून दिलेली भेट, आणि मी तिचं असं केलं." "असं मनाला लावून घेऊ नकोस," असं काहीतरी मी पुटपुटलो. तो तोंड धुवायला उठून गेला.

मुलगी मराठीत बोलू लागली. "बाबा, मी त्याला म्हटलं, ही दुर्बीण बदल, जाड रेघेची घे. ऐकतच नाही. म्हणतो, बाबांनी निवडून दिलीय, पुढच्या वर्षीही हीच वापरणार. तुम्ही तरी सांगा ना त्याला."

पुढच्या वर्षीही हीच. म्हणजे पुन्हा संध्याकाळ, पुन्हा तेच तपकिरी अंग, पुन्हा अंदाज. आता गप्प बसणं मला शक्य नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. फोटो पाहताच कळलं होतं, तरी मुद्दाम बारीक सांगितली. त्याने गोळी झाडू नये म्हणून.

तिने फोन स्वतःकडे ओढला. मग अगदी शांतपणे म्हणाली, "म्हणजे तुम्हाला पाप नको होतं, म्हणून ते त्याच्यावर ढकललंत? नको म्हणायचं होतं, बाबा. तो इतका साधा आहे, त्याने चांदीची वाटी घेतली असती."

तेवढ्यात तो टॉवेलने तोंड पुसत परत आला आणि बाबा काय म्हणतायत, असं त्याने विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी काही बोलेना, तेव्हा तीच इंग्रजीत म्हणाली, "बाबा म्हणतायत, जाड रेघेची घे. निवडताना त्यांचं चुकलं."

तो पुढे सरकला. "नाही, नाही, तुमचं कसं चुकेल? तुम्ही त्या जंगलात कधी उभे राहिला नाहीत, संध्याकाळी तिथे काय दिसतं ते तुम्हाला कुठून माहीत असणार? गोळी मी झाडली. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." आणि तो हसला, माझा जीव हलका व्हावा म्हणून.

मुलगी अजून माझ्याकडेच बघत होती. इंग्रजी मला चांगलं येतं. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी "थँक यू" म्हणालो. मुलीने फोन त्याच्या हातात दिला आणि ती उठून गेली.