फळ्याला नमस्कार

खरं सांगते, त्या सकाळी मी तासभर आधीच वर्गात येऊन बसले होते. मस्तगडातल्या आमच्या शाळेत, माझ्या दुसरीच्या वर्गात, काळ्या फळ्याच्या जागी बोटानं चालणारा डिजिटल फळा लागला होता आणि पालकांना वर्ग बघायला बोलावलं होतं. पोरांची संख्या आधीच रोडावलेली. आणखी दोन-चार गेली तर वर्ग मोडून पहिलीत मिसळायचा, असं हेडसरांनी तोंडावर सांगितलं होतं.

मागं एका पोरीचे वडील बसले होते, एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यातून रातपाळी करून थेट आलेले. तिला इंग्रजी शाळेत टाकायचं त्यांनी जवळपास ठरवलंच होतं. "मॅडम, बघतो आन् मंग सांगतो," एवढंच बोलले.

बेरजेचा धडा लावला. पडद्यावर बोरं टोपलीत पडायला लागली, पोरं खूश. मला जरा धीर आला. आता शिकवावं म्हणून वळले, आणि सवयीनं फळ्याला हात लावून कपाळाला लावला. इतकी वर्षं असाच नमस्कार करून शिकवत आले, पोरांनाही तेच वळण लावलेलं. पण हा मेला फळा बोटावर चालणारा. हात टेकला आणि धडा बंद. पडदा नुसता निळा.

परत कसा लावायचा ते आदल्या दिवशीच शिकले होते, पण काही केल्या आठवेना. पोरांना वाटलं, रोजच्यासारखा नमस्कार झाला. नमस्कारानंतर आमच्यात पाढे असतात, म्हणून त्यांनी आपलं बे एके बे सुरू केलं. मी पडद्यावर इथंतिथं बोट लावून बघत होते. तेवढ्यात ते वडील उठले आणि निघून गेले. त्यांची पोर पाढा म्हणत दाराकडं बघत राहिली. मीही तिकडंच बघत होते.

दुसऱ्या दिवशी हजेरीला तिचा नंबर येईस्तोवर जीव थाऱ्यावर न्हाई. पुकारला. उत्तर न्हाई. परत पुकारायची हिंमत झाली न्हाई. गुमान धडा लावला.

तेवढ्यात ती धापा टाकत आली, दप्तरासकट सरळ फळ्यापाशी गेली आणि हात लावून कपाळाला लावला. धडा गेला.

"जाऊ दे, बस," म्हटलं. "उशीर का गं?"

"पप्पा झोपून राह्यले. म्हणले, सध्या इथंच जाय."

सध्या म्हणजे कुठवर, हे तिला विचारायचा मला धीर झाला न्हाई.