नखं सरळ कापणारी खाला

खाला कुणाच्याही घरी आली की आधी पायांकडे बघायची, तोंडाकडे मागाहून. डोणगावात न्हाव्याच्या घरची ही मुसलमान म्हातारी बायकांची नखं कापत हिंडे, आणि कोणती सून दबून चालते, कुणाच्या टाचेत काटा मोडलाय, हे तिला पायांवरूनच कळे. तिचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळ्या गावाची ती खाला, म्हणजे मावशी, तशी माझीही.

नखांच्या बाबतीत मोठी हट्टी. "नख सीधं काप, बेटी. कोपरे गोल केले का ते मासात घुसते," असं प्रत्येकीला बजावायची. मी ऐकलं नाही. आम्हा पोरींना गोल नख नाजूक वाटे. पायाच्या अंगठ्याचं नख दुखायला लागलं तेव्हा मी सुईने कोपरा उकरला, म्हणजे आगीत तेलच ओतलं. त्यात अंगठ्यात लग्नातला, सौभाग्याचा चांदीचा अनवट, तोही घट्ट. वरून सासूबाईंनी मायेने गरम बिब्ब्याचा चटका दिला. आठ दिवसांत अंगठ्यातून पू वाहू लागला आणि अनवट सुजेत रुतून बसला.

खालाने माझा पाय मांडीवर घेतला, बिब्ब्याचा डाग पाहिला आणि भीडभाड न ठेवता सासूबाईंची खरडपट्टी काढली. मग ती पायावर वाकली. पावलावरून एक लाल रेघ घोट्याकडे चढत होती. विष वर चढतंय, नखाचं नंतर बघू, आधी अनवट कापावा लागेल, असं ती म्हणाली.

सासूबाईंनी माझा पाय तिच्या मांडीवरून ओढून घेतला. त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा नवरा, पलटणीबरोबर लढाईवर होता आणि चार महिने पत्र नव्हतं.

"माहा पोरगा तिकडं गोळ्यायपुढं उभा हाय, अन् त्याच्या बायकोच्या पायातला अनवट मी कापू देऊ?"

मला त्यांचा राग आला नाही. मला पाय हवा होता आणि नवराही.

मेहकरला डॉक्टरकडे नेऊ, असं सासूबाई म्हणाल्या. तोही आधी हेच कापेल, खाला म्हणाली, आणि बैलगाडी पोचेस्तोवर रेघ गुडघ्यावर जाईल. मी त्या रेघेकडे बघत बसले. ती हलताना दिसत नव्हती, तरी दर वेळी वर सरकल्यासारखी वाटे.

शेवटी खालाच म्हणाली, "पाटलीनबाई, मंगळसूत्र तुटलं तं तुम्ही गळ्यात हळकुंड बांधता ना? मंग पायाले बांधा. तुमच्याच हातानं."

सासूबाई उठल्या. दोऱ्यात हळकुंड गुंफून त्यांनी माझ्या दुसऱ्या पायाच्या घोट्याला बांधलं. मग त्यांनीच माझा दुखरा पाय उचलून खालाच्या मांडीवर ठेवला.

खालाने सोनाराकडची कातर मागवून अनवट कापला. मिठाच्या कढत पाण्यात पाय शेकला, पू काढला आणि नखाच्या कोपऱ्याखाली तेलात भिजवलेला कापसाचा बारीक पीळ सरकवला. मी पदर दातांत धरला होता. रोज येऊन ती कापूस बदले आणि रेघ बोटांनी मोजे. पाचव्या दिवशी रेघ दिसेनाशी झाली. नख मांसातून वर यायला मात्र महिना लागला.

अंगठा बरा झाला आणि तार आली. माझा नवरा गेला होता. न्हाविणीने अनवट कापला तेव्हाच झालं, अशी गावात कुजबुज सुरू झाली. खालाने आमच्या दारी येणं सोडलं. सासूबाई तिला कधी माफ करणार नाहीत असं मला वाटे. मीही स्वतःला माफ करू शकत नव्हते.

सुतकाचे दिवस संपल्यावर सासूबाई मला बरोबर घेऊन खालाच्या अंगणात गेल्या. शेजारपाजारच्या बाया दारांत येऊन उभ्या राहिल्या. खालाची मान खाली होती. सासूबाई तिच्यापुढे जमिनीवर बसल्या आणि त्यांनी आपला पाय पुढे केला.

"माहे नखं वाढले," त्या म्हणाल्या. "सीधे काप."

खालाने तो पाय मांडीवर घेतला, आणि बराच वेळ ती सासूबाईंच्या तोंडाकडेच बघत राहिली.